अर्धा ण

बाहुलीचं बारसं अडून बसलं होतं, कारण आत्या मिळत नव्हती. जालन्याच्या चंदनझिऱ्यात आमची भाड्याची खोली आहे. तिच्या पायरीवर शेजारच्या प्रीतीनं ग्रिलला ओढणी बांधून पाळणा केला होता, पाळण्यात एका डोळ्याची बाहुली निजवली होती, घुगऱ्या म्हणून वाटीत मुरमुरे काढले होते. प्रीती दुसरीत आहे आणि जगातल्या सगळ्या रीतीभाती तिला पाठ आहेत. मी बियाण्याच्या कंपनीतून नुकतीच आले होते, नळाखाली पाय धूत होते. "बाहुलीची आई तू," प्रीती माझ्या लेकीला म्हणाली, "मंग आत्या कोण? कानात कुर्रर्र कोण करीन?" "मी करते." "आईला न्हाई जमत. आत्याच लागती. तुझं नाव तुझ्या आत्यानंच ठेवलं असन ना?" "मला आत्या न्हाई," माझी लेक म्हणाली. प्रीतीनं जरा विचार केला आणि निकाल देऊन टाकला. "मंग तुला नाव बी न्हाई." माझी लेक नुकतीच अंगणवाडीत जायला लागली आहे. तिथल्या दुर्गाबाई हजेरी घेतात, तेव्हापासून नावाचा विषय निघाला की ही ताठ उभी राहते. तशीच उभी राहिली. "हाय नाव. मृण्मयी ज्योत्स्ना खरात. हजर." आणि मग खरं का म्हणून तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली आणि नळ चालूच आहे हे विसरून तिथंच बसून राहिले.

पोरांच्या खेळातलं बोलणं, त्याचं काय मनावर घ्यायचं, असं कुणीही म्हणेल. मीही एरवी म्हटलं असतं. पण मला ते लागलं, आणि लागलं ते प्रीतीचं नाही. लेकीला आत्या आहे हे मला माहीत होतं. तिचं नाव त्या आत्यानंच ठेवलं होतं, पाळण्यात वाकून, तिच्या कानाशी तोंड नेऊन. आणि तीच आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी जालन्याच्या कोर्टात शपथ घेऊन सांगणार होती की या बाईला आम्ही ओळखत नाही आणि असल्या कुठल्या पोरीचं नावही आमच्या घरात कुणी ऐकलेलं नाही. प्रीतीनं फक्त एक दिवस आधी सांगितलं, एवढंच. मी पाय पुसले, आत जाऊन चहा टाकला, साखर दोनदा घातली. लेक माझ्यामागं आली आणि माझ्या पायाला टेकून उभी राहिली. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

अर्ज पोटगीचा होता. माझ्या गावी, टेंभुर्णीला, तिला खावटी म्हणतात. लग्न झालेलं नाही तर खावटी कसली, हे मला इतक्या जणांनी विचारलं की शेवटी शेवटी मी त्यांनी तोंड उघडायच्या आतच उत्तर द्यायला लागले. मी माझ्यासाठी मागत नाही. मला ती मिळतही नाही. लेकराला मिळते, कारण लेकराला भूक लागते आणि भुकेला लग्नपत्रिका विचारत नाहीत. कागदोपत्री मी अर्जदार क्रमांक एक, मृण्मयी अर्जदार क्रमांक दोन आणि तिचा बाप हरिओम हा गैरअर्जदार. हा शब्द मला भारी आवडला. गैरअर्जदार गैरहजर, असा पुकारा तारखेमागून तारखेला झाला. रक्ततपासणीला बोलावलं तेव्हाही तो गेला नाही. आधी ताप आला, मग गावी कुणी वारलं, मग म्हणे तपासणी माझ्या इज्जतीच्या विरोधात आहे. त्याची इज्जत दंडातल्या शिरेत असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या वकील दैवशालाताई म्हणाल्या, तपासणी टाळली हे त्याच्या अंगाशी येईल, पण त्याचा पवित्रा साधा आहे: ओळखच नाही. ओळखच नाही तर रक्त कशाला देऊ? मोबाइलमधले निरोप खोटे, नंबर दुसऱ्याचा, बाई पैशासाठी मोठ्या घराच्या मागं लागलीय. आणि ओळख नाही हे सांगायला त्यानं साक्षीदार दिली, आकांक्षा कारभारी, सख्खी बहीण. "हिच्याबद्दल काही माहिती हाय का तुला?" दैवशालाताईंनी फायलीवरून मान वर करून विचारलं होतं, "काहीबी. बारीकसारीक असलं तरी चालतं." मी नाही म्हणाले. त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पान उलटलं.

मी खोटं का बोलले हे सांगायचं तर मला मागं जावं लागतं आणि मागं गेलं की हरिओम आडवा येतो. तो आमच्याच कंपनीत फील्डवर होता, भोकरदन-जाफ्राबादकडचे बीजप्लॉट बघायचा. मी प्रयोगशाळेत, ओल्या कागदात बी गुंडाळून उगवण बघायची. नमुने घेऊन तो यायचा, पिशव्या टेबलावर ठेवायचा आणि उगीच रेंगाळायचा. बोलायला गोड. खोटं कशाला सांगू, मलाही त्याची वाट बघायची सवय लागली होती. मोटारसायकलवरून एकदा त्यानं मला मक्याचा प्लॉट दाखवायला नेलं. नराच्या ओळी आणि मादीच्या ओळी कशा वेगळ्या लावतात, मादीचे तुरे कसे उपटतात, वारा कसा कामाला लावतात. काम झालं की नराच्या ओळी कापून टाकतात, म्हणजे भेसळ होत नाही. हे त्यानंच मला समजावून सांगितलं होतं, पुढं माझ्या किती कामाला येईल याचा त्याला पत्ता नव्हता. लग्नाचं तो नेहमी भविष्यकाळात बोलायचा. घरी सांगतो, बहिणीचं जमू दे, सोयाबीन निघू दे. "आमच्यात जरा टाइम लागतो, ज्योत्स्ना, तू बौद्ध, आमचं घर तसलं, समजून घे," म्हणायचा, आणि मी समजून घ्यायची. माझ्या समजूतदारपणाचा मला आजही राग येतो. दिवस गेल्याचं सांगितलं तेव्हा तो मोटारसायकलवरून उतरलाही नाही, आरशात स्वतःचे केस बघत राहिला. मग त्याची बदली झाली. मग नंबर बंद. कंपनी कापायच्या आतच या नरानं स्वतःची ओळ उपटून नेली.

बाबा हरिओमच्या गावी, केदारखेड्याला गेले, मीही हट्टानं बरोबर गेले. माझे बाबा सर्जेराव, जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, कुणाच्या दारात आवाज चढवायचा नाही हा त्यांचा नेम. हरिओमच्या वडिलांनी, कारभारींनी, ओसरीवर सतरंजी टाकली. चहा आला. त्यांना आणि त्यांच्या भावाला कपबशीत, आम्हा दोघांना कागदी कपात. नवीन कप होते, आमच्यासाठी मुद्दाम आणलेले, म्हणजे आम्ही येणार हे त्यांना कळलेलं होतं. "पोरगं म्हणतं आपण वळखत न्हाई," कारभारी म्हणाले, "आता आमी काय करावं, तुमीच सांगा मास्तर." बाबांनी चहा पूर्ण प्यायला, कप घडी करून खिशात घातला आणि उठले. घरी आल्यावर आई म्हणाली, तिथंच भिरकावून द्यायचा ना. बाबा म्हणाले, "त्यांच्या अंगणात कचरा कशाला करू?" मला तेव्हा बाबांचाही राग आला होता. पण निघताना मी मागं वळून पाहिलं होतं आणि दाराच्या फटीत एक मुलगी उभी होती, माझ्या पोटाकडं बघत. डोळे हरिओमचे. ती आकांक्षा.

मग मृण्मयी झाली आणि बाराव्या दिवशी टेंभुर्णीला आमच्या घरात प्रीतीनं काढला तोच प्रश्न निघाला. माझी आई बेबीनंदा बुद्धरूपापुढं मेणबत्त्या लावून, पाळणा सजवून बसली होती आणि एकदम रडायला लागली. "आत्याबिगर नाव कोण ठेवीन माय?" गल्लीतल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मानलेली आत्या करू, माझ्या चुलतबहिणीला बसवू, नुसतं त्रिशरण म्हणून नाव ठेवू, बराच खल झाला. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि वाटत होतं की उठावं, पोरगी उचलावी आणि सगळ्यांना घराबाहेर काढावं. तेवढ्यात दारात ही आकांक्षा उभी. एकटी, एसटीनं आलेली, चेहरा ओढणीनं गुंडाळलेला, हातात झबल्याची पिशवी. जाफ्राबादला परीक्षेचा फॉर्म भरायला जाते म्हणून घरी सांगून आली होती. "मी हिची आत्या हाय," ती दारातूनच म्हणाली, "नाव ठिवलं का अजून?" आईनं डोळे पुसले आणि पाळण्याची दोरी तिच्या हातात दिली. बाया पाळणा म्हणत होत्या आणि ती वाकून माझ्या लेकीच्या कानात कुर्रर्र करत होती, आणि मग तिनं ते नाव सांगितलं. मृण्मयी. बीएला मराठी होतं तिचं, शब्द तिनं शोधून, वहीत लिहून आणला होता. "म्हंजे मातीची," ती आईला म्हणाली, "जिच्यात समदं उगवतं ती." आईनं दोनदा प्रयत्न केला, मिरणमई, मुरनमयी, आणि म्हणाली, "मी आपली मुन्नी म्हणीन." तेव्हा ही पोरगी चक्क चिडली. पाहुणी म्हणून आलेली, जीव मुठीत धरून आलेली, पण चिडली. "मुन्नी न्हाई. मधी अर्धा ण हाय, त्यो खायचा न्हाई." मग सगळ्या हसल्या. तिनं आमच्या स्टीलच्या पेल्यातून चहा घेतला, मागून पुन्हा अर्धा घेतला. माझी आई तो पेला हातात घेऊन कितीतरी वेळ उभी होती.

जाताना तिनं माझा हात धरला. "ताई, मी आल्ते हे कुठं बोलू नका. कधीच. माझं कॉलेज बंद करतील, घरात जगू देणार न्हाईत." मी शब्द दिला. माझ्या भावानं, भारतनं, तेवढ्यात मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला होता, पाळण्यावर वाकलेली ती आणि मागं मेणबत्त्या. तो फोटो त्याच्याकडं होता. आणि साक्षीदारांत तिचं नाव आल्यापासून भारत माझ्यामागं लागला होता. त्या संध्याकाळीही त्याचा फोन आला. "कसला शब्द, अक्का? ती उद्या तुझ्या तोंडावर खोटं बोलणार हाय. मी फोटो घिऊन येतो, वकीलबाईच्या हातात देतो, खेळ खतम." मी म्हणाले, आणू नको. "तुला केस जिंकायची हाय का न्हाई?" जिंकायची होती. देवाची शपथ घ्यायची आमच्यात पद्धत नाही, नाहीतर घेतली असती. मला इतकी जिंकायची होती की दात आवळून आवळून जबडा दुखायचा. दर महिन्याचा आधार हवा होता हे तर होतंच, पण त्याहून मला हवं होतं ते हे, की कुणीतरी खुर्चीवर बसलेल्या माणसानं मोठ्यानं म्हणावं, ही आहे, आणि हिला बापही आहे. पण एका पोरीच्या तोंडात घास घालायला दुसऱ्या पोरीचं घर मोडायचं का? त्यातून ती त्या घरातली एकटी होती जिनं आमच्यात येऊन चहा घेतला होता. मी भारतला पुन्हा सांगितलं, आणू नको. फोन ठेवल्यावर मला वाटलं, मी मोठी मूर्ख बाई आहे. मग बाबांनी घडी घातलेला कागदी कप आठवला आणि वाटलं, ही मूर्खपणाची जात आमच्या घरातलीच आहे. बाहेर प्रीतीनं शेवटी स्वतःच आत्या होऊन बाहुलीचं नाव ठेवलं. पिंकी. माझ्या लेकीला ते आवडलं नाही.

कोर्टात आई आली होती, मृण्मयीला घेऊन बाहेर लिंबाखाली बसली होती. आत पंखा होता पण वारा आमच्यापर्यंत येत नव्हता. हरिओम त्या दिवशी हजर होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, माझ्याकडं न बघायचा त्याचा सराव चांगला झाला होता. त्याच्या मागं कारभारी. आणि कठड्यात आकांक्षा. तिनं शपथ घेतली. हरिओमच्या वकिलानं विचारलं ते सगळं तिनं पाठ केल्यासारखं सांगितलं. या बाईला ओळखत नाही. भावानं कधी उल्लेख केला नाही. घरात कधी विषय नाही. नजर कठड्याच्या लाकडावर. मी तिच्या बोटांकडं बघत होते, ती ओढणीचं टोक गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. मला तिचा राग आला, फार आला, आणि त्याच वेळी तिला पाणी द्यावंसं वाटलं. दैवशालाताई उलटतपासणीला उठल्या. त्यांच्या हातात आमचा अर्ज होता, आणि त्या अर्जात एक चूक होती. टायपिस्टनं मृण्मयीच्या जागी मृणाली केलं होतं. मी पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. ताई म्हणाल्या होत्या, दुरुस्तीला एक तारीख जाईल, निकालाच्या आधी करून घेऊ, तोवर राहू दे. आणि फायलीत वाचून वाचून त्यांच्याही तोंडात मृणालीच बसलं होतं. लेकीचं नाव चुकीचं ऐकायची मला सवय झाली होती, दवाखान्यात मीनमई, आधार केंद्रात मरुनमयी. मी आता दुरुस्तही करत नव्हते. "मृणाली या मुलीला तुम्ही कधी पाहिलंय?" ताईंनी विचारलं. "न्हाई." "मृणालीच्या जन्माची बातमी घरी आली होती?" "न्हाई." ओढणी गुंडाळली, सोडली. "म्हणजे मृणाली नावाच्या मुलीशी तुमच्या कुटुंबाचा—" "मृणाली न्हाई," आकांक्षा म्हणाली.

ताई थांबल्या. त्यांना वाटलं साक्षीदाराला प्रश्न कळला नाही. "काय?" "मृणाली न्हाई वो. मृण्मयी. मधी अर्धा ण हाय." ती हे इतक्या सहज आणि इतक्या चिडून म्हणाली की मला टेंभुर्णीचं आमचं घर दिसलं, आईच्या हातातली दोरी दिसली, सगळ्या बाया दिसल्या. माझ्या कानात कुणीतरी मोठा पंखा लावल्यासारखा आवाज सुरू झाला. जज मॅडमनी लिहिता लिहिता मान वर केली. "अर्जात मृणाली आहे," त्या म्हणाल्या, "तुम्हाला दुसरं नाव कसं माहीत?" हरिओम पुढं झुकला. त्याचा वकील उठून काहीतरी बोलायला लागला, मॅडमनी त्याला हातानं बसवलं. मला वाटलं आता ती म्हणेल, कुठंतरी ऐकलं, अंदाजानं म्हणाले. अजून वेळ होता, अजून तिला मागं फिरता येत होतं, आणि मी मनात म्हणाले, फिर गं बाई मागं, मी काही म्हणणार नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, त्या दिवशी पहिल्यांदाच. मग ओढणी सोडून दिली. "मीच ठिवलंय ना नाव," ती म्हणाली. "तुम्ही कोणत्या नात्यानं ठेवलं?" "आत्याच ठिवती ना, मॅडम. आत्याबिगर कसं ठिवतील?"

त्यानंतर कोर्टात कोण काय बोललं हे मला नीट सांगता येणार नाही. हरिओमचा वकील साक्षीदार दबावाखाली आहे म्हणत होता, कारभारी उभे राहिले आणि शिपायानं त्यांना खाली बसायला लावलं. पण एक गोष्ट मला अक्षर न् अक्षर आठवते. जज मॅडम लेखनिकाला जबाब सांगत होत्या आणि लेखनिक नावावर अडला. "कसं लिहायचं, मॅडम?" मॅडम म्हणाल्या, "साक्षीदारालाच विचारा." आणि आकांक्षानं कठड्याला दोन्ही हातांनी धरून, भर कोर्टात, बापासमोर आणि भावासमोर, शाळेत पोरांना शिकवावं तसं सांगितलं. "म ला ऋकार. मंग अर्धा ण, पुरा न्हाई. मंग म. मंग य ला दुसरी वेलांटी. मृण्मयी." लेखनिकानं खोडून पुन्हा टाइप केलं. मी रडत होते हे मला हातावर पाणी पडलं तेव्हा कळलं. आनंदानं रडत होते, मला दुसरं काही झालेलं नव्हतं.

बाहेर आल्यावर कारभारी तिच्या अंगावरून निघून गेले, ती उभी आहे हेही त्यांनी पाहिलं नाही. हरिओम गाडी काढायला गेला तो तिकडूनच गेला. ती व्हरांड्यात एकटी राहिली. मी तिच्याजवळ गेले. तीच आधी म्हणाली, "नाव कुणी चुकीचं घेतलं की डोस्कंच फिरतं माझं. किती येळ ऐकावं माणसानं?" एवढंच. चुकून बोलली की ठरवून, मी तिला कधी विचारलं नाही, अजूनही नाही. मी म्हणाले, "तू आता कुठं जाशील?" "मैत्रिणीच्या रूमवर. इथंच बीएडचं हाय माझं. पाहू मंग." लिंबाखाली आईनं डबा उघडला होता. आईनं तिला पाहिलं, भाकरीवर ठेचा ठेवून पुढं केला. मृण्मयी तिच्याकडं टक लावून बघत होती. आकांक्षानं घास हातात धरूनच विचारलं, "वहिनी, घिऊ का हिला?" वहिनी. हा शब्द ऐकायला मी एके काळी काय दिलं नसतं. आता तो ऐकला आणि मला हसू आलं. मी म्हणाले, "वहिनी म्हणू नको. तुझ्या भावाचं न् माझं काही नातं न्हाई, आणि मला नको बी. तू हिची आत्या, मी हिची आई. आपलं नातं हिच्याकडून." "मंग काय म्हणू?" "मृण्मयीची आई म्हण." तिनं मान डोलावली. मृण्मयी तिच्या मांडीवर जाऊन बसली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुला कुर्रर्र करता येतं का?"

निकालाच्या दिवशी हरिओम आला नाही. त्याची बहीण आली, माझ्याशेजारी बसली. वडिलांनी तिला घरात घेतलं नव्हतं. तिची आई चोरून फोन करायची, कॉलेजची फी मामानं भरली होती. दैवशालाताईंनी मधल्या काळात नावाची दुरुस्ती करून घेतली होती आणि आता त्या अर्ध्या ण वर जरा जास्तच जोर देऊन बोलत होत्या. जज मॅडमनी निकाल वाचला. मला सगळी भाषा कळली नाही, पण पाहिजे ते कळलं. तपासणी टाळल्याचा अर्थ गैरअर्जदाराच्या विरुद्ध जातो. त्याच्याच सख्ख्या बहिणीनं आत्याच्या नात्यानं मुलीचं नाव ठेवलं. अर्जदार क्रमांक दोन ही गैरअर्जदाराची मुलगी आहे. आहे, असं त्या म्हणाल्या, आणि पुढच्या वाक्याला गेल्या, जणू ही साधीच गोष्ट होती. दर महिन्याला पोटगी, अर्ज केल्याच्या तारखेपासून, चुकवली तर अटकेचं वॉरंट. आकांक्षानं माझी मनगटं इतकी घट्ट धरली की बांगड्या रुतल्या. मला वाटलं होतं, जिंकल्यावर मी त्या पांढऱ्या शर्टाच्या डोळ्यांत डोळे घालून बघेन. त्याची खुर्ची रिकामी होती आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला भूक लागली होती. किती दिवसांनी अशी कडकडून लागली होती.

निकालाची नक्कल दोन्ही बाजूंना नाव पुकारून तिथंच देतात. आम्ही व्हरांड्यात थांबलो. बाबा आले होते, धुतलेलं धोतर, भिंतीला पाठ न टेकता उभे. मृण्मयी आत्याच्या बोटाला धरून फरशीचे चौकोन ओलांडत होती. गर्दी होती, भांडणातले लोक, जमिनीचे लोक, कुणाची तारीख, कुणाचा जामीन. शिपाई दारात आला, हातातला कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि नेहमीच्या सुरात पुकारा केला. "गैरअर्जदार हरिओम कारभारी." कुणी बोललं नाही. "हरिओम कारभारी हाजिर आहे का?" तिसऱ्यांदाही त्यानं ओरडून पाहिलं आणि कागदावर खूण केली. मग त्यानं खालची ओळ वाचली, क्षणभर अडखळला, ओठ जुळवले, आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं, अर्ध्या ण सकट, बरोबर म्हणाला, "अर्जदार क्रमांक दोन, मृण्मयी ज्योत्स्ना खरात."

माझ्या लेकीनं आत्याचं बोट सोडलं. दोन्ही हात अंगाला चिकटवले, छाती पुढं काढली.

"हजर," ती म्हणाली.